अंशातला एक

मी माझ्या वडिलांना दहावीचं गणित शिकवलं. तेव्हा मी स्वतःही दहावीतच होतो. त्यातलं एक प्रकरण मी त्यांना असं शिकवलं की ते चुकीचंच त्यांच्या डोक्यात बसलं. चुकीचं बसलंय हे कळल्यावरही मी गप्प राहिलो. आज पंचेचाळिशी ओलांडल्यावर हे लिहितोय. लिहून काही सुटेल अशी आशा नाही. पण माझ्या मुलीला परवा तेच प्रकरण शिकवायची वेळ आली आणि मला ते जमलं नाही. तिला क्लासला घाल, एवढं बायकोला सांगून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. बायकोला वाटलं, मी गणित विसरलो. मी विसरलेलो नाही.

अपूर्णांकाच्या छेदात वर्गमूळ असेल तर ते काढून टाकायचं, एवढंच ते प्रकरण. पुस्तकात त्याला छेदाचं परिमेयीकरण म्हणतात. एक छेद मूळ दोन असं उत्तर आलं की आमचे सर त्याला अर्धेच गुण द्यायचे. वर आणि खाली मूळ दोनने गुणायचं, मग खालचं मूळ जातं आणि मूळ दोन छेद दोन उरतं. किंमत तीच, फक्त रूप बदलतं.

आम्ही सुरतेत नवागामला राहायचो. पत्र्याची खोली, पुढे सगळ्या खोल्यांना मिळून एक ओटा. गाव धुळ्याकडचं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो आणि आईला माय. आबा गावाकडे मॅट्रिकला एकदा नापास होऊन सुरतेला आले होते. एका कापड रंगवायच्या मिलमध्ये, रंगाच्या स्टोअरमध्ये, ते तराजूवर होते. प्रिंटिंग मास्तरकडून चिठ्ठी यायची, अमुक रंग इतका, तमुक इतका, आणि आबा डब्यातून भुकटी काढून तोलून द्यायचे. भुकटी पितळेच्या पल्ल्यात, म्हणजे पारड्यात, थेट टाकली तर चिकटते, म्हणून कागदावर घ्यायची. मग त्याच मापाचा कोरा कागद समोरच्या, वजनाच्या पल्ल्यातही ठेवायचा. जे इकडे ते तिकडे, म्हणजे कागदाचं वजन आपोआप फिटतं. एवढं करूनही दांडी कलती राहिली तर हलक्या बाजूला पासंग म्हणून एखादा खिळा, एखादी चकती टाकायची. आबांचं अर्धं आयुष्य दोन्ही बाजूंना सारखं टाकण्यात गेलं.

त्या स्टोअरला खिडकी नव्हती. भुकटी इतकी बारीक असायची की डबा उघडला की हवेतच तरंगायची. आबा तोंडाला रुमाल बांधायचे, पण संध्याकाळी घरी येऊन नाक शिंकरलं की त्या दिवशी मिलमध्ये कोणता रंग चालला ते मायला कळायचं. "आज जांभया चालना वाटस," ती जांभळ्या रंगाबद्दल म्हणायची. त्यावर आम्ही हसायचो. मी नववीत असताना खोकला सुरू झाला आणि हसणं बंद झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सरळ सांगितलं, भुकटीतून बाहेर पडा, औषधाने हे जाणार नाही.

बाहेर पडायची एकच जागा आबांना दिसत होती. स्टोअरच्याच कोपऱ्यात काचेचं पार्टिशन होतं, त्याच्या आत एक टेबल. किती माल आला, किती गेला ते लिहिणारा कारकून तिथे बसायचा. आत पंखा होता आणि काच बंद असायची. तो कारकून जूनमध्ये नोकरी सोडून गावी जाणार होता. स्टोअरकीपर गुजराती होता, मनाने बरा. तो आबांना म्हणाला, "दसमी पास थई जा, पछी टेबल तारुं." शेठच्या मुलाने नवा नियम केला होता, टेबलावर बसणारा दहावी पास हवा. आबांना मोठं काही नको होतं. काचेच्या या बाजूने त्या बाजूला जायचं होतं, एवढंच.

म्हणून आबांनी बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यात मदत केली. सही करताना म्हणाले, "बापलेक एकाच परीक्षेला! आता निकालाच्या दिवशी कोणी कोणाच्या पाया पडायचं?" चाळीत तर करमणूकच झाली. शेजारची काकू ओट्यावरून ओरडायची, "काय हो आबा, दप्तर लिधं का? नापास व्हयनात तर पोऱ्या बापले मारी का बाप पोऱ्याले?" आबा हसून म्हणायचे, "दोन्ही मिळून तुले मारतील."

इतिहास, मराठी, भूगोल त्यांना जड गेले नाहीत. गावच्या शाळेतलं बरंच त्यांना आठवत होतं. भीती गणिताची होती, कारण मागच्या वेळी त्यांना गणितानेच पाडलं होतं. ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मिलच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आणि इतर दिवशी ते कामावरून आल्यावर जेवणाआधी. मी पाटी घेऊन बसायचो, ते समोर मांडी घालून. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, पण गणित शिकताना आबा पुस्तकी मराठीत बोलायचे, जणू शाळेत आहेत. मला "मास्तर" म्हणायचे. सुरुवातीला ती थट्टा होती. नंतर थट्टा राहिली नाही, आणि मला ते आवडायला लागलं.

पहिला मोठा विजय समीकरणांचा. तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस, क्षची किंमत काढा. मी दोनतीन वेळा समजावलं, त्यांना कळेना. मग मला सुचलं. मी म्हणालो, "आबा, बरोबरचं चिन्ह म्हणजे तुमच्या तराजूची दांडी. इकडच्या पल्ल्यातून पाच काढले तर तिकडून किती काढाल?"

"पाचच. नाही तर कलेल."

"मग काढा."

त्यांनी काढले. तीन क्ष बरोबर पंधरा. आणि माझ्याकडे न बघता लगेच म्हणाले, "म्हणजे एकेक पाचाचा. हे एवढंच होतं?"

त्या आठवड्यात त्यांनी पुस्तकातली समीकरणं भराभर सोडवली. माझ्याआधी उत्तर सांगायला लागले. माय चुलीजवळून बघायची. मी वर्गात मित्रांना सांगितलं की माझ्याकडे शिकवायची एक युक्ती आहे. मला वाटलं, या माणसाला काहीही शिकवायचं असेल तर तराजू पुरे.

करणींचं, म्हणजे त्या वर्गमुळांचं, प्रकरण आलं तेव्हा परीक्षा जवळ आली होती. माझा स्वतःचा अभ्यास मागे पडला होता आणि आमच्या सरांकडे सरावाचे पेपर सुरू झाले होते. मला ते प्रकरण एका दुपारी संपवायचं होतं. मी पाटीवर एक छेद मूळ दोन लिहिलं आणि म्हणालो, "खाली मूळ ठेवायचं नाही."

"का?"

"ठेवायचं नाही असा नियम आहे."

"पण उत्तर तेच येतं म्हणालास ना? मग खाली ठेवलं तर बिघडतं काय?"

मला माहीत नव्हतं. खरं कारण मला खूप वर्षांनी आपलं आपणच कळलं. पूर्वी यंत्रं नव्हती, सगळा भागाकार हाताने. मूळ दोन म्हणजे एक पूर्णांक चारशे चौदा सहस्रांश आणि पुढे न संपणारं काहीतरी. एकाला त्या न संपणाऱ्या आकड्याने भागत बसणं त्रासाचं. त्याच आकड्याला दोनने भागणं सोपं, तो अर्धा करायचा, झालं. रोज वजनं अर्धी-पाव करणाऱ्या माणसाला हे एका वाक्यात पटलं असतं. पण तेव्हा मी म्हणालो, "आबा, प्रश्न विचारू नका, रीत बघा. वर आणि खाली सारखंच करायचं. तुमच्या तराजूसारखं. जे खाली ते वर."

इथे माझं चुकलं. समीकरण हा तराजू असतो, अपूर्णांक नसतो. तराजूच्या दोन्ही पल्ल्यांत सारखं टाकलं तर दांडी हलत नाही. अपूर्णांकाच्या वर आणि खाली सारखं मिळवलं तर त्याची किंमत बदलते, फक्त गुणलं तरच ती टिकते. हे मला माहीत होतं. तरी मी तराजू म्हणालो, कारण तराजू म्हटलं की आबांचा चेहरा उजळायचा आणि माझा वेळ वाचायचा.

मी एक उदाहरण करून दाखवलं. मग त्यांना एक छेद मूळ तीन दिलं. त्यांनी खाली मूळ तीन दोनदा लिहिलं आणि त्याचे तीन केले, ते बरोबर होतं. वर लिहिलं, एक अधिक मूळ तीन.

"आबा, वर नुसतं मूळ तीन."

"आणि एक?"

"एकला मूळ तीनने गुणलं ना? एकने गुणलं की तेच येतं. एक जातो."

आबा पाटीकडे बघत राहिले. मग पुस्तकी मराठी सुटली. "जास म्हणजे? वर एक व्हता ना? तो कोठे गया? पल्लामा ठेवेल चीज अशी गायब होत नही."

"तराजूत नाही होत. इथे होते."

"आत्ताच म्हणालास तराजू आहे."

"तसं नाही हो. गुणायचं, मिळवायचं नाही."

"काट्यावर कोण गुणतं रे?" ते म्हणाले, आणि हसले. मीही हसलो. तिथे मी थांबायला हवं होतं. पाटी पुसून म्हणायला हवं होतं की आबा, मी चुकीचं सांगितलं, तराजू विसरा, हे वेगळं आहे. भाकरीचं उदाहरण देता आलं असतं. एका भाकरीचे दोन तुकडे करून एक घेतला काय आणि चार करून दोन घेतले काय, पोटात तेवढीच जाते. वरचा आकडा दुप्पट आणि खालचाही दुप्पट. पण वर एक मिळवला आणि खाली एक मिळवला तर दोन तृतीयांश भाकरी होते, ती अर्धीपेक्षा जास्त. पाव तासाचं काम होतं. मी त्याऐवजी म्हणालो, "पाठ करून टाका. वरचा एक सोडायचा."

त्यांनी मान हलवली. पुढच्या दोन उदाहरणांत एक सोडला. तिसऱ्यात परत ठेवला. मी परत सांगितलं. मग दोन पदांची उदाहरणं घेतली, एक छेद मूळ पाच वजा मूळ तीन अशी, ज्यात खालचं चिन्ह बदलून त्याने वर-खाली गुणायचं असतं. खाली वर्गांची वजाबाकी येते, पाच वजा तीन, दोन. ते त्यांनी लगेच धरलं, कारण खाली स्वच्छ आकडा उरतो याचा त्यांना आनंद व्हायचा. वरचं मी फारसं तपासलं नाही. मला सरांकडे जायचं होतं. चपला घालताना मी विचारलं, "जमलं ना?" ते म्हणाले, "जमलं, मास्तर. जा तू."

परीक्षेला आम्हाला दोघांना वेगवेगळी केंद्रं आली. गणिताच्या दिवशी मायने दोघांच्याही हातावर दही ठेवलं. आबांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, पण नखांच्या कडेला निळा रंग तसाच होता, तो कधी जायचाच नाही. मला पेपर बरा गेला. घरी आलो तर आबा माझ्याआधीच पोचले होते आणि ओट्यावर उभे राहून काकूला सांगत होते, वेळ कमी पडला नाही म्हणून. असे मोकळे मी त्यांना कितीतरी दिवसांनी बघत होतो. खोकतही नव्हते.

"समीकरणं सगळी आली," ते मला म्हणाले. "आणि तुझं ते पण होतं. मूळ पाच वजा मूळ तीन."

"काय लिहिलंत?"

"खाली दोन. वर एक अधिक मूळ पाच अधिक मूळ तीन." आणि मग, मला खूश करायला, आवाज जरा खाली आणून म्हणाले, "वरचा एक मी सोडला नाही, बरं का. तू सोडायला सांगत होतास. पण मी विचार केला, दोन्हीकडे सारखं टाकायचं तर पहिलं होतं ते तसंच राहायला पाहिजे. विचार करून लिहिलं."

उत्तर मूळ पाच अधिक मूळ तीन, छेद दोन, एवढंच होतं. त्यांच्या उत्तरात एक जास्तीचा होता. आणि त्या रीतीची आणखीही उदाहरणं पेपरात होती. मी काय म्हणालो ते मला अगदी नीट आठवतं. मी म्हणालो, "बरं केलंत."

एका उदाहरणाने माणूस नापास होत नाही, असं मी रात्री स्वतःला समजावलं. कदाचित होणार नाहीत. बाकीचं बरोबर असेल. सांगून आता काय बदलणार आहे, पेपर तर देऊन झाला. हे सगळं तेव्हा खरं वाटलं. पण त्यांना न सांगण्याचं खरं कारण दुसरं होतं. सांगितलं असतं तर ते विचारणार होते, मग तू तराजू का म्हणालास? आणि मला त्यांचा मास्तर राहायचं होतं.

सांगून काही बदलणार नाही हे मात्र खोटं ठरलं. एप्रिलमध्ये एका सुट्टीच्या दिवशी मिलच्या फोल्डिंग खात्याचा मुकादम आमच्या खोलीवर आला. फोल्डिंग म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालायचं काम. दिवसभर उभं राहायचं, पण रंगाचा वारा लागत नाही. मुकादम उत्तरेकडचा, आबांचा जुना ओळखीचा. खाटेवर बसत म्हणाला, "काका, मेरे यहाँ एक आदमी की जगह हुई है. खिड़की है, हवा है. तुम्हारी खाँसी सुन के सीधा तुम्हारे पास आया. आ जाओ."

मायने चहा ठेवला होता. ती चुलीपुढून वळली आणि आबांकडे बघायला लागली. मला आजही तिचा तो चेहरा दिसतो. तिला टेबल वगैरे काही नको होतं. तिला खिडकी हवी होती.

आबा म्हणाले, "जून तक रुकोगे?"

"माल रुकता है क्या, काका? परसों आदमी खड़ा करना है."

"जून में तो मुझे टेबल मिलनेवाला है. दसवीं का पेपर दिया ना. अभी फोल्डिंग में गया तो स्टोअरवाला बोलेगा, इसको टेबल चाहिएच नहीं."

त्यात तथ्य होतं. एकदा खातं सोडलं की स्टोअरकीपरने दुसऱ्याला धरलं असतं. मुकादमाने विचारलं, "पेपर कैसा गया?"

"फर्स्ट क्लास. पूछो लड़के को. ये मेरा मास्टर है."

मुकादम हसत माझ्याकडे वळला. "क्यों मास्टर? काका पास?"

तिघं माझ्याकडे बघत होते. मला सगळं माहीत होतं. फोल्डिंगची जागा परवा जाणार, टेबल मिळेलच असं नाही, आणि आबा ज्यावर एवढे निर्धास्त आहेत ते चुकलेलं आहे. मला नुसतं म्हणायचं होतं की सांगता येत नाही. तेवढ्यानेही माय पुढे झाली असती आणि तिने आबांना फोल्डिंगला ढकललं असतं.

मी म्हणालो, "पास होणार. चांगला गेलाय."

मुकादम चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, "सोच लो, काका. कल शाम तक." आबांनी विचार केला नाही, त्यांचा विचार झालेला होता. मायने दुसऱ्या दिवशी एकदा विषय काढला. आबा तिला म्हणाले, "पोऱ्या सांगी राहिना ना." त्यावर तिने विषय सोडला. तिला गणित येत नव्हतं, मला येत होतं.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झालो, चांगल्या गुणांनी. आबा बाकी सगळ्या विषयांत पास होते, गणितात थोडक्यात गेले. शाळेच्या फळ्याजवळ उभं राहून त्यांनी माझा नंबर दोनदा वाचला आणि स्वतःचा शोधायचं थांबवलं. वाटेत पेढे घेतले. मी नको म्हणालो तर म्हणाले, "तुझे आहेत. माझे कुठे आहेत?" दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मिलमध्येही नेले. स्टोअरकीपरने पेढा उचलला आणि विचारलं, "अने तारुं?", म्हणजे तुझ्या निकालाचं काय. हे आबांनीच संध्याकाळी सांगितलं, हसत. मग म्हणाले, "मी सांगितलं, पेपर नीट तपासला नाही त्यांनी."

त्या रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं, "काय चुकलं असेल रे? तू सांग. तुला कळेल."

मी भाताकडे बघत म्हणालो, "काही नाही चुकलं. बाहेरून बसणाऱ्यांचे पेपर असेच तपासतात."

त्यांनी ते मनापासून धरलं. पुढची कितीतरी वर्षं ते हेच सांगायचे. बाहेरून बसणाऱ्याला पास करत नाहीत, माझं सगळं बरोबर होतं, माझ्या पोराने तपासलं होतं. म्हणून ते पुन्हा बसलेच नाहीत. बसून उपयोग काय, पास करायचंच नसेल तर? ही दोन्ही दारं मी बंद केली. पहिल्या वेळी म्हणालो चांगला गेला, दुसऱ्या वेळी म्हणालो काही चुकलं नाही. एकदा जरी खरं सांगितलं असतं तरी ती एवढीशी चूक होती, महिन्याभरात सुटली असती, आणि परीक्षा पुढेही होत्या.

टेबलावर दुसरा मुलगा आला, माझ्याहून थोडाच मोठा. तो काचेआड बसून लिहायचा आणि आबा बाहेर तोलायचे. फोल्डिंगमध्ये एप्रिललाच माणूस उभा राहिला होता. तिथे नंतर जागा झाली नाही, किंवा झाली तरी कोणी आमच्या खोलीवर आलं नाही.

आबा आणखी चारेक वर्षं तराजूवर होते. मग मिलमध्ये इलेक्ट्रॉनिक काटा आला. त्यावर कागद ठेवून बटण दाबलं की कागदाचं वजन तो स्वतःच वजा करतो, पासंग लागत नाही, आणि तोलायला हात स्थिर असावा लागत नाही. तोवर आबांना जिना चढताना मध्ये बसावं लागत होतं. त्यांना मिलने काढलं असं म्हणता येणार नाही, त्यांना जमत नव्हतं. माय त्यांना घेऊन गावी गेली. मी बारावीनंतर एक कोर्स करून हजीऱ्याकडे एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलो. टेबलावर. खोलीला एसी होता, मालासाठी.

त्या हिवाळ्यात मी गावी गेलो तेव्हा सांगायचं ठरवून गेलो होतो. आबा अंगणात उन्हाला खाटेवर बसले होते, पाठीमागे गोधडीची वळकटी, कारण आडवं झालं की त्यांना श्वास पुरायचा नाही. माय शेजारी ज्वारी निवडत होती. मी तिथेच सांगितलं, तिच्यासमोर. मूळ पाच, मूळ तीन, वरचा एक, मुकादम आला तेव्हाचं, निकालानंतरचं. मी सलग बोललो. मला वाटलं होतं, ते चिडतील. किंवा म्हणतील जाऊ दे. त्या दोन्हींची मी तयारी केली होती.

आबा म्हणाले, "मग काय लिहायला पाहिजे होतं?"

मी खिशातल्या पेनाने एका पाकिटाच्या मागे लिहून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मी भाकरीचं उदाहरण सांगायला लागलो, अर्धी भाकरी, चार तुकडे, तेच पाव तासाचं. त्यांनी मधेच हात वर करून मला थांबवलं.

"नको आता. दम लागतो."

पाकीट त्यांनी मला परत दिलं. माय ज्वारी निवडायची थांबली होती. खाली बघूनच ती म्हणाली, "म्हणजे एप्रिलमा फोल्डिंगले जावाले पाहिजे व्हतं."

मी म्हणालो, "हो."

ती उठली, सूप आत घेऊन गेली. आबांनी मला वळकटी जरा वर सरकवायला सांगितली. मी सरकवली. तेवढ्या हालचालीनेही त्यांना धाप लागली, आणि ती ओसरेपर्यंत मी त्यांच्या पाठीवर हात धरून उभा राहिलो. त्यांचा एकेक श्वास मला हाताला लागत होता. मार्चमध्ये ते गेले.